गर्भपातानंतरचे आठवडे: अंगावरून किती जातं, मन कधी सावरतं

गर्भपाताला स्वतःला फार वेळ लागत नाही. पहिल्या बारा आठवड्यांत व्हॅक्युमने, म्हणजे नळीने ओढून काढून, केलेला गर्भपात पाच-दहा मिनिटांत आटोपतो. गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपाताचा अवघड भागही बहुधा एका दिवसात मागे पडतो. खरे प्रश्न सुरू होतात ते नंतर, आणि तेव्हा ते विचारायला समोर कुणी नसतं. इतकं रक्त जाणं बरोबर आहे का? आठ दिवस झाले तरी टेस्ट पॉझिटिव्ह कशी? सगळं नीट झालं, मग रडू का येतंय? किंवा, रडू का येत नाहीये?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी ठाम आहेत, शेवटच्या दोन प्रश्नांची नाहीत. शरीराच्या सावरण्याला एक ढोबळ वेळापत्रक असतं, मनाच्या सावरण्याला ते नसतं. बराचसा त्रास होतो तो एकाचं वेळापत्रक दुसऱ्यावर लादल्यामुळे. चौथ्या दिवशी कामावर गेलेली बाई मनानेही मोकळी झाली असेल असं घरचे धरून चालतात. महिनाभराने डोळे भरून आले तर शरीरातच काही बिघडलं की काय, अशी शंका तिला स्वतःला येते. म्हणून दोन्ही वेगवेगळं पाहू. आधी शरीर.

रक्त किती, केव्हा, कुठवर

गोळ्यांच्या पद्धतीत दोन औषधं असतात. पहिलं मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम ते अडवतं. ही गोळी घेतल्यावर बहुतेकींना विशेष काही जाणवत नाही, फार तर थोडे डाग लागतात. एक-दोन दिवसांनी घेतलं जाणारं मिसोप्रोस्टॉल मात्र गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतं आणि त्याचं तोंड मऊ करतं. काही तासांत कळा सुरू होतात, अंगावरून जायला लागतं, आणि सर्वांत जास्त जोर असतो त्या दोन ते पाच तासांत पाळीपेक्षा बरंच जास्त रक्त जातं. लिंबाएवढ्या गाठीही पडू शकतात. गर्भ पडून गेला की कळा आणि रक्तस्राव दोन्ही लक्षात येतील इतके उतरतात.

त्यानंतर साधारण ९ ते १६ दिवस कमी-कमी होत रक्त जात राहतं. काहींना महिनाभर, अगदी पुढच्या पाळीपर्यंत अधूनमधून डाग लागतात. व्हॅक्युमच्या पद्धतीत एकूण रक्त कमी जातं आणि लवकर थांबतं. पण त्यातही एक गंमत असते: काहींना पहिले दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच जात नाही, आणि संपलं म्हणेपर्यंत पाळीसारखं सुरू होतं. ते नेहमीचंच आहे.

मध्येच थांबून पुन्हा सुरू होण्याने अनेकजणी घाबरतात. रात्रभर आडवं असताना रक्त योनीमार्गात साठतं, तिथेच गोठतं आणि सकाळी उभं राहिलं की एकदम गाठ पडते. दिवसभर धावपळ झाली तर संध्याकाळी रक्त जरा वाढतं. यातून आत नवी जखम झाली असा अर्थ निघत नाही. रंग लाल, मग तपकिरी, मग पुन्हा लाल असा बदलला तरी चालतं.

रक्त थांबतं कसं, हे एकदा समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गर्भाशयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे आडवे-उभे गुंफलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधून जातात. स्नायू आवळला की रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे गर्भपातानंतर येणाऱ्या कळा काही अंशी कामाच्याच असतात. आत गर्भाचा किंवा वारेचा एखादा भाग राहिला असेल तर स्नायूला पुरतं आवळता येत नाही आणि रक्त जातच राहतं. तिथेच जंतू वाढले तर ताप येतो, स्रावाला वास येतो. धोक्याच्या बहुतेक खुणांचं मूळ या दोनच गोष्टींत आहे.

कधी थांबायचं नाही

रक्त "खूप" जातंय हे शब्दांत सांगणं कठीण, म्हणून डॉक्टर पॅडचं माप वापरतात. मोठं पॅड घ्या. तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील आणि हे सलग दोन तास चाललं, तर तडक रुग्णालयात जायचं. मात्र चक्कर येते आहे, छातीत धडधडतंय, अंगाला घाम सुटलाय, उभं राहवत नाही, अशी अवस्था असेल तर पॅड मोजत बसू नये.

तापाच्या बाबतीत दिवस पाहावा लागतो. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या दिवशी थंडी वाजणं, कणकण, ताप, मळमळ, जुलाब हे सगळं त्या औषधाचेच परिणाम असू शकतात आणि २४ तासांच्या आत ओसरतात. त्यानंतर ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर तो औषधाचा म्हणून सोडून देऊ नये. स्रावाला घाण वास, ओटीपोटात सतत वाढत जाणारं दुखणं, हात लावू न देणारं पोट, याही जंतुसंसर्गाच्या खुणा. क्वचित एखाद्या गंभीर संसर्गात ताप येतच नाही. नुसत्या उलट्या, जुलाब आणि गळून जाणं असतं. म्हणून औषध घेऊन २४ तास उलटल्यावरही अंगात अजिबात त्राण नसेल तर थर्मामीटर काहीही म्हणो, डॉक्टरांना गाठा.

कमी रक्त जाणं हीसुद्धा कधी कधी खूण असते, आणि ती सहज निसटते. मिसोप्रोस्टॉलनंतर २४ तासांत रक्त गेलंच नाही किंवा अगदी थेंबभर गेलं, तर औषध लागू पडलं नसेल किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नलिकेत असेल. नलिकेतल्या गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, भोवळ, यांपैकी काही असेल तर ती तातडीची अवस्था समजायची. व्हॅक्युमनंतर रक्त जवळजवळ बंद आहे, पण कळा तासागणिक वाढताहेत आणि गुदद्वारावर दाब आल्यासारखं वाटतंय, असं असेल तर रक्त गर्भाशयातच साठलेलं असू शकतं. ते काढून टाकलं की लगेच आराम पडतो.

रुग्णालयात गेल्यावर काय घेतलं, कधी घेतलं, किती आठवडे झाले होते, हे जसंच्या तसं सांगा. रक्तस्राव आपोआप झालेल्या गर्भपातानंतरचा असो की केलेल्या, उपचार एकच असतात. पण डॉक्टरांना नेमकं माहीत असलं तर भलत्या शक्यता तपासण्यात वेळ जात नाही.

दुखणं आणि दुधाचा प्रश्न

कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. आयब्युप्रोफेन नेमकं तेच तयार होणं रोखतं, म्हणून इथे ते पॅरासिटामॉलपेक्षा चांगलं लागू पडतं. मिसोप्रोस्टॉल स्वतः त्याच जातीचं औषध असल्यामुळे आयब्युप्रोफेनने त्याचा परिणाम मारला जाईल अशी भीती अनेकांना वाटते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र ते चालत नाही. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी हा जुना उपाय आजही तितकाच चांगला आहे. पहिले एक-दोन दिवस दुखतं, नंतर आठवडाभर पाळीसारखी बारीक कळ येत-जात राहते.

मळमळ दोन-तीन दिवसांत जाते. छातीचा ताठरपणा आणि दुखरेपणा जायला आठवडा-दोन आठवडे लागतात. गर्भ १६ आठवड्यांच्या पुढचा असेल तर आणखी एक गोष्ट घडू शकते आणि तिच्याबद्दल आधी सांगायचं राहून जातं: दोन-चार दिवसांनी दूध येतं. वार निघून गेली, प्रोजेस्टेरॉन घसरलं की शरीर ठरलेल्या क्रमाने दूध तयार करायला लागतं. मूल नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्यावर तो घाव फार खोल बसतो. नीट आधार देणारी ब्रा घालावी, गार पट्ट्या ठेवाव्यात, पिळून दूध काढू नये, कारण काढलं की आणखी तयार होतं. काही दिवसांत ते आटतं. दूध येणं थांबवणारं औषधही मिळतं. उशिराचा गर्भपात करायचा असेल तर त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

टेस्ट, सोनोग्राफी आणि विनाकारण धास्ती

गर्भधारणेची टेस्ट लघवीतलं एचसीजी हे संप्रेरक शोधते. आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास रक्तात हे संप्रेरक दर मिलीलिटरला लाखभर मिलि-युनिटांच्या आसपास असू शकतं, आणि घरगुती टेस्टला साधारण २५ मिलि-युनिटंही पुरतात. लाखाच्या आकड्यावरून पंचविसाच्या खाली यायला आठवडे लागणारच. म्हणून पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात केलेली टेस्ट काहीही सांगत नाही. पॉझिटिव्ह आली तरी गर्भ तसाच आहे असं सिद्ध होत नाही. ती चौथ्या आठवड्यानंतर करा. तेव्हाही ठळक पॉझिटिव्ह आली, किंवा मळमळ आणि छातीचा ताठरपणा गेलाच नाही, तर तपासून घ्यावं. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ठरल्याप्रमाणे पहिल्या नऊ-दहा आठवड्यांत घेतलं तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींचा गर्भपात पूर्ण होतो आणि गर्भ वाढतच राहण्याचं प्रमाण शंभरात एखादं असतं.

सोनोग्राफीबद्दल माझं मत जरा परखड आहे. दहा दिवसांनी केलेल्या सोनोग्राफीत "आत थोडं काही दिसतंय" असं लिहून येणं अगदी सामान्य आहे. जाड झालेलं अस्तर, रक्ताच्या गाठी, थोडा ऊतींचा भाग हे सगळं पुढच्या पाळीत निघून जाणारं असतं. जास्त रक्तस्राव नाही, ताप नाही, दुखणं नाही, तर केवळ त्या एका ओळीवरून पिशवी धुवायला निघण्याची घाई नको. उपचार लक्षणांवर ठरतो. "मला काहीच त्रास नाही, मग थांबून पाहिलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि पिशवी रिकामी करावी लागलीच, तर जागतिक आरोग्य संघटना धारदार उपकरणाने खरवडण्याऐवजी व्हॅक्युम वापरायला सांगते. खरवडल्याने गर्भाशयाच्या आतल्या भिंतींवर व्रण पडून त्या एकमेकींना चिकटण्याचा धोका जास्त असतो.

"पुढे मूल होणार नाही" ही धमकीवजा भीती बहुतेकींनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. सुरक्षित पद्धतीने झालेल्या, गुंतागुंत न झालेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. धोका असतो तो उपचार न झालेल्या संसर्गाचा आणि असुरक्षित हातांचा.

रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. पुढच्या गर्भाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून अशा वेळी अँटी-डी इंजेक्शन देतात; बारा आठवड्यांच्या आत ते लागत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. त्यापुढे ते लागतं, आणि काही डॉक्टर अजूनही आधीच देतात.

विश्रांती, काम, संबंध

अंथरुणाला खिळून राहायची गरज नसते. पहिल्या दिवशी आराम करावा, भूल किंवा गुंगीचं औषध दिलं असेल तर २४ तास गाडी चालवू नये. त्यानंतर झेपेल तसं काम करावं. बहुतेकजणी एक-दोन दिवसांत कामाला लागतात, ज्यांना थकवा आहे त्यांनी आणखी चार दिवस घ्यावेत. विशेष पथ्य लागत नाही. आधीच रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारावं. अंघोळ पहिल्या दिवसापासून चालते.

टॅम्पॉन, मासिक पाळीचा कप, पोहणं आणि शरीरसंबंध यांसाठी अनेक डॉक्टर एक ते दोन आठवडे थांबायला सांगतात. गर्भाशयाचं तोंड थोडं उघडं असताना जंतू आत जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. याला भक्कम पुरावा फारसा नाही, ही काळजीपोटी दिलेली सूचना आहे. रक्त मोजायचं तर पॅडच सोयीचं, तेवढं एक कारणही पुरेसं आहे. संबंधांची तारीख मात्र कॅलेंडरने ठरवू नये. दोन आठवडे झाले म्हणून ती तयार असेलच असं नाही, आणि "आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे" हे वाक्य तिच्या नाहीवरचं उत्तर होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. गर्भपातानंतर स्त्रीबीज अवघ्या आठ-दहा दिवसांतही बाहेर पडू शकतं. बहुतेकींमध्ये ते तीन आठवड्यांच्या सुमारास आणि पहिल्या पाळीच्या आधीच घडतं. पाळी येते चार ते आठ आठवड्यांनी. म्हणजे पाळीची वाट पाहत असतानाच पुन्हा दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्या, इंजेक्शन किंवा इम्प्लांट (दंडाच्या कातडीखाली बसवायची बारीक कांडी) त्याच दिवशी किंवा लगेच पुढच्या दिवसांत सुरू करता येतं. व्हॅक्युमनंतर कॉपर-टी तिथल्या तिथे बसवता येते, गोळ्यांनंतर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाली की बसवता येते. हा विषय गर्भपाताच्या दिवशीच काढला जातो आणि तेव्हा डोकं जागेवर नसतं, त्यामुळे "आत्ता काही ठरवत नाही, दोन दिवसांनी सांगते" असं म्हटलं तरी चालेल. मात्र तोवर कंडोम हवा.

मनाचं काय

आता ज्याला वेळापत्रक नाही तो भाग.

पहिल्या काही दिवसांत मन हेलकावतं. त्यात संप्रेरकांचाही वाटा असू शकतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही झपाट्याने खाली येतात, झोप कमी झालेली असते, रक्त गेलेलं असतं, कळांनी अंग शिणलेलं असतं. अशा वेळी क्षुल्लक कारणाने रडू फुटलं तर त्याचा मोठा अर्थ लावायला बसू नये. हे साधारण आठवडा-दोन आठवड्यांत निवळतं.

त्यापलीकडे काय वाटेल हे मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतं. सुटका झाल्यासारखं वाटेल. दुःख होईल. दोन्ही एकाच संध्याकाळी होईल. राग येईल, जोडीदाराचा, डॉक्टरांचा, स्वतःचा. आणि कित्येकींना काहीच वाटत नाही. मग "आपण दगड आहोत का" अशी नवीच टोचणी लागते. काही न वाटणं हाही एक पूर्णपणे सामान्य प्रतिसाद आहे. दुःख यायलाच हवं असा नियम कुठेही नाही.

माझ्या मते इथला सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे दुःख, अपराधीपणा आणि पश्चात्ताप या तीन गोष्टी एकच मानल्या जातात. दुःख म्हणजे काहीतरी गेलं याची जाणीव: एक शक्यता, एक कल्पना, कधी एक खरोखर हवं असलेलं मूल. अपराधीपणा म्हणजे आपण कुठला तरी नियम मोडला असं वाटणं, आणि तो नियम बहुधा दुसऱ्यांनी आपल्यात पेरलेला असतो. पश्चात्ताप म्हणजे पुन्हा तीच वेळ आली तर वेगळं ठरवेन, असं वाटणं. पहिलं असलं म्हणून तिसरं असतंच असं नाही. "मला वाईट वाटतंय, म्हणजे माझं चुकलं" हा निष्कर्ष त्यामुळेच टिकत नाही. योग्य ठरलेल्या निर्णयांचंही वाईट वाटतं.

याबद्दल चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या संशोधकांनी 'टर्नअवे स्टडी' केला. २००८ ते २०१० या काळात ३० केंद्रांवर गर्भपातासाठी आलेल्या सुमारे हजार स्त्रिया त्यात होत्या. काहींचा गर्भपात झाला, काहींना गर्भपाताची मुदत थोडक्यात उलटल्याने परत पाठवलं गेलं. पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी त्यांच्याशी बोलणं झालं. गर्भपात झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना निर्णय घेणं कमी-अधिक अवघड गेलं होतं, आणि तरीही प्रत्येक टप्प्यावर ९५ टक्क्यांहून जास्त जणींनी तो आपल्यासाठी योग्य होता असं सांगितलं. सुटकेची भावना सगळ्या टप्प्यांवर सर्वांत जास्त आढळली. चांगल्या आणि वाईट, दोन्ही भावनांची तीव्रता काळाबरोबर उतरत गेली. सुरुवातीला जास्त चिंता आणि खालावलेला आत्मसन्मान दिसला तो परत पाठवलेल्यांमध्ये, आणि वर्षभरात हा फरक मिटत गेला. विचारलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्केच स्त्रिया अभ्यासात यायला तयार झाल्या, ही त्याची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी.

डेन्मार्कमध्ये प्रश्न वेगळ्या बाजूने तपासला गेला. तिथल्या राष्ट्रीय नोंदींवरून पहिल्या तिमाहीत गर्भपात केलेल्या ८४ हजारांहून जास्त मुली आणि स्त्रियांची माहिती काढली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मानसोपचाराची पहिल्यांदा गरज पडण्याचं प्रमाण गर्भपाताच्या आधीच्या नऊ महिन्यांत दर हजार स्त्रियांमागे वर्षाला १४.६ होतं, नंतरच्या वर्षात १५.२. म्हणजे जवळपास तेवढंच. गर्भपातामुळे होणारा असा एखादा खास मानसिक आजार आजाराच्या अधिकृत वर्गीकरणांतही नाही.

पण सरासरीने सगळ्यांचं समाधान होत नाही. काहीजणींना खरोखर जड जातं, आणि त्यामागची कारणं बऱ्यापैकी ठाऊक आहेत. आधीपासून नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असणं हे सगळ्यांत मोठं कारण. घरात मारहाण किंवा धाक. निर्णय स्वतःचा नसणं, कुणीतरी दडपण आणून तो करून घेणं. गर्भ हवा असूनही तब्येतीमुळे किंवा बाळातल्या व्यंगामुळे थांबावं लागणं. आणि लपवाछपवी. लोक आपल्याला तुच्छ लेखतील असं ज्यांना सुरुवातीला फार वाटत होतं, त्यांच्यात पुढे काही वर्षांनीही मानसिक त्रास जास्त दिसला, हेही त्याच अमेरिकन अभ्यासातून पुढे आलं. कुणाला सांगायचं, कुणापासून लपवायचं, कुठली थाप कुठे मारली होती, हे सगळं लक्षात ठेवण्यातच माणूस दमतो. म्हणून एक माणूस शोधा. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एक तरी असा हवा की ज्याच्यापुढे कथा रचावी लागणार नाही. जवळचं कुणी नसेल तर समुपदेशक. मात्र समुपदेशनाच्या नावाखाली कुणी तुम्हाला अपराधी ठरवायला लागलं, तर उठून बाहेर या.

हवं असलेलं मूल थांबवावं लागलं असेल तर तो शोक आहे, आणि त्याला शोकासारखंच वागवायला हवं. निर्णय स्वतः घेतला म्हणून रडायचा हक्क जात नाही. बाळंतपणाची जी तारीख मिळाली होती तो दिवस, गर्भपाताच्या दिवसाचं पहिलं वर्ष, मैत्रिणीच्या बाळाची बातमी, अशा वेळी सगळं पुन्हा उसळून येतं. तो आठवडा जड जाईल हे आधीच धरून चालावं आणि शक्य असेल तर त्या दिवशी एकटं राहू नये. काहीजणी बाळाला पत्र लिहितात, काही सोनोग्राफीचा फोटो जपून ठेवतात, काहींना यातलं काहीच नको असतं.

दोन आठवडे उलटूनही मन सतत खचलेलं आहे, झोप किंवा भूक उडाली आहे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे परत-परत येतो, कशातच रस वाटत नाही, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार लागतोय, तर हा उपचाराचा विषय आहे. जीव द्यावासा वाटला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही, आणि तातडीच्या सेवेकडे किंवा हेल्पलाइनकडे जायचं.

सोबत असलेल्या माणसासाठी

"झालं ते झालं, आता विसर." "वेळेत कळलं म्हणून बरं." "अजून काय वय गेलंय, पुन्हा होईल." ही तिन्ही वाक्यं सांत्वनासाठीच म्हटली जातात आणि तिन्ही बोलणं बंद करतात. त्यापेक्षा साधे, कामाचे प्रश्न बरे. "पॅड किती वेळाने बदलावं लागतंय?" "गोळी कधी घेतलीस?" "मी इथे बसू की तुला जरा एकटीला राहायचंय?" पहिल्या रात्री जवळ असावं, गाडीची सोय करून ठेवावी, रुग्णालयाचा नंबर हाताशी असावा. तिने चार दिवसांत विषय काढला नाही तरी महिन्याने एकदा "तुझं कसं चाललंय" असं विचारावं, कारण तोवर बाकी सगळ्यांनी विचारणं सोडलेलं असतं.

जोडीदारालाही काही वाटत असतं. त्याचं दुःख खरं असतं, पण ते ऐकून घेण्याची जबाबदारी पहिल्या आठवड्यात तिच्यावर टाकू नये. त्याने त्यासाठी एखाद्या मित्राकडे किंवा भावाकडे जावं. दोघांचा वेग वेगळा असणार हेही धरून चालावं: एकाला बोलून हलकं वाटतं, दुसऱ्याला काम करून.

पुन्हा मूल हवं असेल तर

पूर्वी जागतिक आरोग्य संघटना गर्भपातानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी सहा महिने थांबायला सांगत असे. ही सूचना २००५ची. नंतरच्या अभ्यासांत इतक्या थांबण्याला सरसकट आधार मिळालेला नाही, त्यामुळे आता बरेच डॉक्टर एक पाळी येऊ द्या आणि तब्येत, रक्ताचं प्रमाण ठीक असेल तर हरकत नाही असं सांगतात. एक पाळी येऊ द्यायची ती मुख्यतः पुढच्या गर्भाचे आठवडे नीट मोजता यावेत म्हणून. गर्भपात ज्या आजारामुळे किंवा व्यंगामुळे करावा लागला त्याची कारणं शोधायची असतील, तर जनुकीय तपासण्यांचे अहवाल हातात येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

पुढच्या गर्भारपणात आधीच्या गर्भपाताबद्दल डॉक्टरांना सांगावं, मग तो घरच्यांना माहीत असो वा नसो. घरचे सोबत असतील तर "मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय" एवढं म्हटलं की पुरतं. मागच्या वेळी ज्या आठवड्यात सगळं थांबलं तो आठवडा यंदा येईपर्यंत अनेकींना धड झोप लागत नाही. त्या आठवड्याच्या आसपासची तपासणी आधीच ठरवून मागता येते, आणि कारण सांगितलं तर बहुतेक डॉक्टर ती देतात.